निवती कांच, निवतें मन

मराठी घरांत कांचेविषयीं एक जुना संकोच आहे. हातांतली बांगडी पिचली तर ती फुटली असें वडील माणसें म्हणत नाहींत. वाढली असें म्हणतात. मनाच्या दुखण्याच्या बाबतींतही हाच संकोच दिसून येतो. घरांतील एखाद्या माणसाचें मन ढासळलें, तर ‘त्याला जरा बरें नाहीं’, ‘हवापालटासाठीं गांवीं गेला आहे’ असें सांगण्यांत येतें; खरा शब्द ओठांबाहेर पडत नाहीं. फुटलेली कांच आणि बिघडलेलें मन पुन्हां सांधत नाहीं, ही समजूत या दोन्ही संकोचांच्या मुळाशीं आहे. ती कितपत खरी आहे, हें कांचेकडूनच समजून घेण्यासारखें आहे. कारण मनाचा आणि कांचेचा संबंध केवळ कवींनीं जोडलेला नाहीं. तो रुग्णांनीं स्वतः जोडलेला आहे, आणि तो सहाशें वर्षांचा जुना आहे.

फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स हा १३८० सालीं गादीवर आला. १३९२ च्या ऑगस्ट महिन्यांत ल मां या शहराजवळच्या अरण्यांतून तो सैन्यासह चालला असतां, भर उन्हांत, एका सेवकाच्या हातांतील भाला निसटून दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर आदळला. त्या खणखणाटासरशीं राजाचें भान सुटलें, आणि त्यानें तरवार उपसून स्वतःच्याच माणसांवर हल्ला चढविला. कांहीं जण प्राणास मुकले. तेथून पुढें, १४२२ सालीं मृत्यु येईपर्यंत, त्याचें आजारपण भरती-ओहोटीप्रमाणें येत-जात राहिलें. या आजाराच्या एका पर्वांत आपलें शरीर कांचेचें झालें आहे अशी राजाची खात्री झाली. कोणाचा धक्का लागला तर आपले तुकडे होतील या भयानें त्यानें आपल्या वस्त्रांत लोखंडी पट्ट्या शिवून घेतल्या होत्या, असें पोप दुसरा पायस यानें लिहून ठेवलें आहे.

हा भ्रम एकट्या राजापुरता राहिला नाहीं. पुढील दोन-अडीचशें वर्षांत युरोपांतील वैद्यांच्या ग्रंथांत, आपण कांचेचे आहों असें मानणाऱ्या रुग्णांचे उल्लेख वारंवार येऊं लागले. तत्त्वज्ञ देकार्त यानें १६४१ सालच्या आपल्या ग्रंथांत भ्रमिष्टांचें उदाहरण देतांना, अंग कांचेचें आहे असें समजणाऱ्या माणसांचाच दाखला दिला आहे. या भ्रमानें कांचच कां निवडावी? व्हेनिसच्या शासनानें आगीच्या भयास्तव शहरांतील कांचभट्ट्या १२९१ सालीं मुरानो बेटावर हलविल्या होत्या. तेथें पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर याच्या भट्टींत स्फटिकासारखी निर्मळ कांच तयार झाली, आणि आरपार दिसणारी, मौल्यवान, परंतु एका धक्क्यानें नाहींशी होणारी ही वस्तु श्रीमंतांच्या मेजावर येऊन बसली. आजारी मन आपलें दुःख सांगावयास नवी भाषा कोठून आणणार? भोंवतालच्या जगांत जी वस्तु त्याला आपल्यासारखी दिसते, तीच तें उचलतें. ‘माझ्या आंतलें सर्वांना दिसत आहे, मला हात लावूं नका, मी फुटेन’ हें सगळें सांगण्यास त्या काळच्या माणसाला कांचेहून नेमका शब्द सांपडला नाहीं.

स्पेनचा थोर कादंबरीकार सर्व्हांतेस यानें १६१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहांत अशाच एका कांचेच्या माणसाची गोष्ट सांगितली आहे. टोमास नांवाचा एक गरीब मुलगा सालामांका विद्यापीठांत शिकून विद्वान होतो. एक स्त्री त्याला वश करण्यासाठीं मंतरलेलें फळ खाऊं घालते. त्या विषानें तो सहा महिने अंथरुणाला खिळतो, आणि उठतो तो कांचेचा भ्रम घेऊनच. एखादें कौल अंगावर पडून आपला चुरा होईल म्हणून तो रस्त्याच्या मधोमध चालतो. हिवाळ्यांत गवताच्या गंजींत गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन झोपतो. अन्न घेतो तें काठीच्या टोकाला अडकविलेल्या पात्रांतून. पोरें त्याला दगड मारतात, आणि मोठीं माणसें त्याचीं चतुर उत्तरें ऐकावयास गर्दी करतात. दोन वर्षांनीं एक साधु त्याला बरा करतो.

या कथेचें मर्म मात्र त्याच्या पुढें आहे. बरा झालेला टोमास वकिली करून पोट भरावें म्हणून राजधानींत परततो, तों लोकांचा तोच घोळका त्याच्या मागें लागतो. वेडा होता तोंवर ज्याला लोकांनीं पोसलें, त्या शहाण्या माणसाला एकही पक्षकार मिळत नाहीं. अखेर तो सैन्यांत नांव घालून फ्लांडर्सला निघून जातो. त्याच्या अंगांतील कांच गेली होती; लोकांच्या डोळ्यांतील गेली नव्हती. मनाच्या आजारांतून उठलेल्या माणसाची जी दशा सर्व्हांतेसनें चारशें वर्षांपूर्वीं रंगविली, ती आजही अनेकांच्या वांट्याला येते. नोकरीच्या अर्जांत मधल्या दोन वर्षांचा हिशेब काय द्यावा, लग्नाच्या बोलण्यांत काय सांगावें आणि काय झांकावें, हे प्रश्न औषधानें सुटणारे नाहींत.

राजा चार्ल्स आणि विद्वान टोमास या दोघांनाही कांच फक्त फुटतांना माहीत होती. ती घडते कशी हें त्यांनीं पाहिलें नव्हतें. वाळू, सोडा आणि चुना हे तीन सामान्य पदार्थ भट्टींत एकत्र वितळले कीं कांचेचा रस तयार होतो. सुमारें अकराशें अंशांच्या उष्णतेंत तो मधासारखा दाट असतो. लोखंडी फुंकनळीच्या टोकावर त्याचा गोळा घ्यावयाचा, नळी सारखी फिरवीत राहावयाची, कारण थांबली कीं गोळा एका अंगाला लोंबूं लागतो, आणि दुसऱ्या टोकानें श्वास सोडून त्यांत पोकळी निर्माण करावयाची, ही रीति सुमारें दोन हजार वर्षें चालत आलेली आहे. पैसा फंडाच्या वर्गणीतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें जो कांचकारखाना निघाला, त्यानें महाराष्ट्रांतील तरुणांनाही ही विद्या शिकविली. श्वासाला आकार देणारी अशी दुसरी कारागिरी क्वचितच असेल.

परंतु आकार आला म्हणजे काम संपलें असें नाहीं. खरा धोका त्यानंतरच असतो. तापलेलें भांडें तसेंच उघड्या हवेंत ठेवलें, तर त्याचा बाहेरचा थर आधीं थंड होऊन घट्ट बसतो, आणि आंतला भाग मागाहून आकसूं लागतो. बाहेरचें अंग जागचें हलत नाहीं, आंतलें ओढ घेतें. आणि ही ओढाताण कांचेच्या पोटांत कायमची कोंडली जाते. भांडें दिसावयास निर्दोष असतें. मग एखाद्या दिवशीं, कांहींच कारण नसतां, तें कपाटांत ठेवल्या जागीं तडकतें. याचा पराकोटीचा नमुना म्हणजे राजपुत्र रूपर्ट याच्या नांवानें ओळखले जाणारे कांचेचे थेंब. वितळलेल्या कांचेचा थेंब थंड पाण्यांत पडूं दिला, कीं त्याला बेडूकमाशासारखा आकार येतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाहीं. मात्र शेपटीचें टोंक नुसतें मोडतांच सगळा थेंब एका क्षणांत पीठ होऊन उडतो. सतराव्या शतकांत लंडनच्या रॉयल सोसायटीचे विद्वान या थेंबांनीं चकित झाले होते. बाहेरून हातोड्याला दाद न देणारा आणि एखाद्या क्षुल्लक शब्दानें कोसळणारा माणूस ज्यांनीं घरांत पाहिला आहे, त्यांना या थेंबाचें नवल वाटणार नाहीं.

या ओढाताणीवर कांचकारांनीं एकच उपाय शोधून काढला आहे, आणि तो म्हणजे वेळ. घडविलेली वस्तु लगेच बाहेर न काढतां, सुमारें पांचशें अंश उष्ण अशा दुसऱ्या भट्टींत ठेवतात. तेथें कांहीं काळ ती त्याच उष्णतेंत राहूं देतात, म्हणजे आंतले आणि बाहेरचे ताण एकमेकांशीं जुळवून घेतात. आणि मग ती हळूहळू थंड होऊं देतात. लहान पेल्याला कांहीं तास पुरतात, जाड ओतीव वस्तूला कित्येक दिवस लागतात, आणि दुर्बिणीच्या प्रचंड आरशांना महिनेच्या महिने. घाई केली तर आधींची सारी मेहनत वायां जाते. निवणें हा शब्द मराठींत ऊन दुधालाही लागतो आणि तापलेल्या जिवालाही लागतो. कांचेच्या बाबतींत तो एका शास्त्राचें नांव होण्यास योग्य आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कांचेंतील ताण साध्या उजेडांत दिसत नाहीं. एका विशिष्ट रीतीनें गाळलेल्या प्रकाशांत मात्र, ज्याला शास्त्रज्ञ ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात, तोच ताण इंद्रधनुष्यासारख्या रंगीत पट्ट्यांच्या रूपानें स्पष्ट दिसूं लागतो. कारागीर त्या पट्ट्या पाहून कोणती वस्तु पुन्हां भट्टींत ठेवावयाची हें ठरवितो. मनाच्या आजारांत कलेचें काम हें असें आहे. ती ताण नाहींसा करीत नाहीं. तो दिसूं लागेल असा प्रकाश ती पुरविते.

विसाव्या शतकांत अमेरिकेंतील एका कांचकाराच्या आयुष्यांत या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या. डेल चिहुली यांचा जन्म १९४१ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील टॅकोमा या गांवीं झाला. ते पंधरा-सोळा वर्षांचे असतां, १९५७ सालीं, नौदलाच्या विमानाच्या सरावांत त्यांचा एकुलता एक वडील भाऊ अपघातांत मरण पावला. दुसऱ्याच वर्षीं हृदयविकारानें वडील गेले. घरांत आई आणि मुलगा एवढीं दोघेंच उरलीं. आईच्या आग्रहानें मुलगा महाविद्यालयांत गेला, आणि गृहशोभेचें शिक्षण घेतां घेतां कापडांत कांचेचे तुकडे विणूं लागला. १९६५ मधील एका रात्रीं त्यानें राहत्या घराच्या तळघरांत रंगीत कांच वितळवून एका नळीनें तींत फुंकर घातली, आणि कांचेचा एक बुडबुडा तयार झाला. तेथून पुढें त्यानें दुसरें कांहीं केलें नाहीं.

अमेरिकेंत त्या वेळीं कांच ही कारखान्यांतली वस्तु समजली जात असे. हार्वे लिटलटन यांनीं १९६२ सालीं टोलेडो येथें एक लहान भट्टी उभारून, एकटा कलावंतही कांच फुंकूं शकतो हें दाखवून दिलें होतें. चिहुली त्यांचे विस्कॉन्सिन विद्यापीठांतील शिष्य झाले. पुढें १९६८ सालीं शिष्यवृत्ति मिळवून ते त्याच मुरानो बेटावरील वेनिनी कारखान्यांत गेले. तेथें त्यांनीं निराळेंच दृश्य पाहिलें. भट्टीसमोर एक माणूस नव्हे, एक मेळा काम करीत होता: एक रस आणतो, एक फुंकतो, एक फिरवितो, एक कापतो, आणि कोणी मोठ्यानें आज्ञा न देतां वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. गुरूनें एकट्याची कांच शिकविली होती. मुरानोनें अनेकांची शिकविली. १९७१ सालीं चिहुली यांनीं सिॲटलच्या उत्तरेस रानांत पिलचक नांवाची कांचशाळा काढली, ती या दुसऱ्या धड्यावर.

१९७६ सालीं इंग्लंडांत मोटारीच्या अपघातांत ते समोरच्या कांचेंतून बाहेर फेकले गेले. चेहऱ्याला अडीचशेंहून अधिक टांके पडले, आणि डावा डोळा कायमचा गेला. ज्या वस्तूवर आयुष्य वाहिलें तिनेंच हा घाव केला होता. एका डोळ्यानें अंतराचा अंदाज नीट येत नाहीं, आणि वितळल्या रसाजवळ ही उणीव साधी नसते. तरी ते भट्टीकडे परतले. १९७९ सालीं समुद्राच्या लाटांत खांदा निखळला, आणि जड फुंकनळी स्वतः पेलण्याचें काम त्यांनीं इतरांच्या हातीं सोंपविलें. तेथून पुढें ते मनांतील आकार मोठ्या कागदांवर रंगांच्या फटकाऱ्यांनीं काढूं लागले, आणि सहकारी तीं चित्रें पाहून कांच घडवूं लागले.

अपघातानंतरच्या वर्षीं, १९७७ मध्यें, टॅकोमा येथील ऐतिहासिक संग्रहालयांत त्यांनीं त्या प्रदेशांतील मूळ रहिवाशांनीं विणलेल्या जुन्या टोपल्या पाहिल्या. एकमेकींवर रचून ठेवल्यामुळें त्या स्वतःच्या भारानें खचल्या होत्या, कलंडल्या होत्या. चिहुली यांनीं तशाच कांचेच्या टोपल्या करावयास घेतल्या. शतकानुशतकें कांचकारांची सारी धडपड कांठ समान ठेवण्याची होती. येथें उष्णतेला आणि भाराला आपलें काम करूं दिलें, कांठ लवूं दिला, पोट खचूं दिलें, आणि तो खचलेपणा ज्या क्षणीं सुंदर दिसला त्या क्षणीं निववून कायम केला. या टोपल्यांनीं त्यांची कीर्ति पसरली.

चिहुली यांना द्विध्रुवीय मनोविकार आहे, ही गोष्ट त्यांनीं आणि त्यांच्या पत्नी लेस्ली यांनीं २०१७ सालीं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मुलाखतींत जाहीरपणें सांगितली. त्या वेळीं त्यांचें वय पंचाहत्तर होतें. या विकारांत मन कांहीं काळ उत्साहाच्या शिखरावर आणि कांहीं काळ विषादाच्या दरींत असतें. आपलें मन बहुधा वर तरी असतें किंवा खालीं तरी. मधली सपाटी फारशी वांट्याला येत नाहीं, आणि एकेक पर्व महिनेच्या महिने चालतें, असें त्यांनीं सांगितलें. वर असतांना एकाच वेळीं अनेक कामें चालतात. खालीं असतांना माणूस स्वतःच्या गुहेंत जातो. आपल्या बोलण्यानें इतर कोणाला उपयोग होईल, ही भावना त्यामागें होती.

या प्रकटनानंतर त्यांच्या कलाकृतींकडे पाहतांना एक मोह आवरला पाहिजे. ही भडक कलाकृति उन्मादांतली असावी, ती मंद निळी विषादांतली असावी, असें कोडें सोडविण्याचा तो मोह होय. इंग्लंडांतील नेदर्न रुग्णालयांत १९४६ सालीं एडवर्ड ॲडमसन यांनीं मनोरुग्णांसाठीं चित्रशाळा चालू केली, तेव्हां त्यांनीं रुग्णांच्या चित्रांचा अर्थ सांगण्याची घाई केली नाहीं. रंग, कागद, स्वस्थता आणि आपली सोबत एवढेंच पुरविलें. माणूस जें घडवितो तें पाहावें, त्याचा आजार त्यांतून उकरूं नये, ही त्या पद्धतीची शिकवण आहे.

दुसरा मोह याहून घातक आहे. वेड आणि प्रतिभा हीं जुळीं भावंडें आहेत, औषध घेतलें तर कला मरेल, असें पुष्कळ लोक मानतात. विषादाच्या दरींत असलेला माणूस सहसा कांहींच घडवीत नाहीं. त्याला अंथरुणांतून उठणें हाच डोंगर असतो. ऑस्ट्रेलियांतील वैद्य जॉन केड यांनीं १९४९ सालीं लिथियमचा गुण दाखवून दिल्यापासून या विकारावर उपयुक्त औषधें मिळालीं आहेत, आणि तीं वैद्याच्या देखरेखीखालीं नियमानें घेणाऱ्या असंख्य माणसांनीं आपलें आयुष्य सावरलें आहे. कला ही औषधाची सवत नव्हे आणि औषधाची जागाही ती घेऊं शकत नाहीं.

मग कांच देते तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे ती वर्तमानांत ओढून आणते. फिरत्या नळीच्या टोकाशीं रसाचा गोळा असतां कालचा पश्चात्ताप आणि उद्यांची धास्ती यांना जागा उरत नाहीं. भट्टी नसली तरी हें घडतें. सपाट रंगीत कांच हिरकणीनें रेघ ओढून कापावयाची, तुकड्यांच्या कडा घांसावयाच्या, शिशाच्या पट्टींत ते बसवून खिडकी करावयाची, किंवा फुटके तुकडे चुन्यांत बसवून नक्षी करावयाची, हीं कामें टेबलाशीं बसून शिकतां येतात. हात कापूं नये एवढी सावधगिरी आणि शेजारीं एक जाणता माणूस, इतकें पथ्य त्याला लागतें. येथें कांच फुटते ती आखलेल्या रेघेवर, माणसाच्या इच्छेनें. ज्याला आपण केव्हां आणि कोठें फुटूं याची सतत भीति आहे, त्याच्या हातांना हा अनुभव मोलाचा असतो. दुसरी गोष्ट, ज्याला शब्द सांपडत नाहींत त्यालाही सांगतां येतें. तिसरी गोष्ट, काम संपल्यावर हातांत एक वस्तु राहते. ती उजेडांत धरतां येते, दुसऱ्याला देतां येते. आणि देणारा माणूस तेवढ्या वेळापुरता रुग्ण नसतो, कारागीर असतो.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मोठी आहे. चिहुली यांच्या भट्टीवर एकट्यानें कांहींच होत नाहीं. १९९२ पासून त्यांनीं जीं प्रचंड झुंबरें करावयास घेतलीं, त्यांत शेंकडों वेगवेगळे फुंकलेले तुकडे पोलादी सांगाड्याला तारेनें बांधलेले असतात. कोणत्याही एका तुकड्यावर साऱ्याचा भार नसतो. व्हेनिसच्या कालव्यांवर अशीं चौदा झुंबरें लावण्यासाठीं १९९५ आणि १९९६ सालीं त्यांचा मेळा फिनलंड, आयर्लंड आणि मेक्सिको येथील कांचकारखान्यांत तेथल्या कारागिरांबरोबर काम करीत हिंडला. फिनलंडमधील नूटायार्वी या गांवीं असतां चिहुली यांनीं नव्यानें घडविलेले कांचेचे आकार पुलावरून सरळ नदींत टाकावयास सुरुवात केली. ते बुडाले नाहींत. पाण्यावर तरंगत चालले. गांवांतलीं मुलें लांकडी होड्या घेऊन निघालीं आणि तरंगती कांच गोळा करूं लागलीं. कांचेनें भरलेल्या त्या होड्या पाहून चिहुली यांना एका नव्या कलाकृतीची कल्पना सुचली. कोणी स्पर्श करील म्हणून अंगावर लोखंड शिवून घेणारा राजा आणि स्वतःची कांच प्रवाहांत सोडून देणारा हा कारागीर, या दोघांमधलें अंतर केवळ सहाशें वर्षांचें नाहीं. राजाच्या भोंवतीं दरबार होता. कारागिराच्या भोंवतीं, त्यानें काय टाकलें आहे तें उचलून घेणारे हात होते.

म्हणूनच बरें होणें म्हणजे काय, याचा विचार पुन्हां एकदां करावा लागतो. बरें होणें म्हणजे आजार पूर्वीं कधीं झालाच नव्हता असें होणें, अशी आपली कल्पना असते, आणि त्या कल्पनेमुळेंच घरोघरीं निराशा पदरीं येते. चिहुली यांचा डोळा परत आला नाहीं. त्यांचीं शिखरें आणि दऱ्या त्यांच्या पंचाहत्तरीपर्यंत सरल्या नव्हत्या. तरीही त्यांचें घर उभें राहिलें, काम उभें राहिलें, आणि त्यांच्या शाळेंतून कांचकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या. ताण असूनही अखंड राहतां येणें, हें बरें होणें आहे.

त्याच २०१७ सालीं भारतांत मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा संमत झाला. मनोरुग्णाला उपचाराचा, सन्मानानें वागविलें जाण्याचा आणि समाजांत राहण्याचा हक्क त्यानें मान्य केला आहे. परंतु समाजांत राहण्याचा हक्क कायदा देऊं शकतो, समाजांतली जागा देऊं शकत नाहीं. ती घरानें, शेजारानें, कचेरीनें द्यावयाची असते. रुग्णालयांतून परतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीं ‘आतां अगदीं पूर्वीसारखा हो’ म्हणणारें घर तापलेली कांच उघड्या वाऱ्यावर ठेवतें. त्याला खोलींत बंद करून सारें काम त्याच्या हातून काढून घेणारें घर त्याला गवताच्या गंजींत पुरतें. दोहोंच्या मधली वाट म्हणजे दुसरी भट्टी: ऊब तीच, पण रोज थोडी कमी, काम आहे, पण बेताचें, विचारपूस आहे, पण पाळत नाहीं, औषधाची वेळ पाळली जाते, पण माणसाची ओळख औषधावरून होत नाहीं. त्या भट्टींत किती दिवस लागतील हें वस्तूच्या जाडीवर ठरतें, शेजाऱ्यांच्या उत्सुकतेवर ठरत नाहीं.

फुटलेली कांच सांधत नाहीं, हें तर खरेंच आहे. परंतु कांचेच्या कारखान्यांत फुटके तुकडे कोणी टाकून देत नाहीं. नव्या वाळूंत ते मुद्दाम मिसळतात. कारण एकदां वितळून गेलेली कांच कमी उष्णतेंत पुन्हां वितळते आणि भोंवतालच्या कोऱ्या वाळूलाही लवकर वितळावयास साहाय्य करते. आजारांतून उठलेला माणूस दुसऱ्या आजारी माणसाशेजारीं येऊन बसतो, तेव्हां जें घडतें तें याहून निराळें नाहीं. जें वैद्याला तासभर समजावून सांगावें लागतें, तें हा माणूस दोन शब्दांत सांगतो, आणि ऐकणाऱ्याला तें पटतें. कारण सांगणारा त्या भट्टींतून जाऊन आलेला असतो.